वळसा

आक्रानेसहून रेक्याविकला जायला
समुद्राच्या तळाखालून बोगदा आहे. सात मिनिटांचा.
खाडीच्या काठाकाठाने गेलं तर पाऊण तास जास्त.

तीन वर्षं मी काठाने गेले.

मी कवळ्या बनवते.
बाजूच्या सीटवर खोक्यात आठ-दहा जणांचं हसू,
प्रत्येकावर नावाची चिठ्ठी,
आणि स्टिअरिंगमागे मी, दातखिळी बसलेली.

पहिल्यांदा आला तो एका मंगळवारी,
उतार संपून चढ लागतो त्या सगळ्यात खोल जागी.
कारण काही नव्हतं.
(असं म्हटलं की लोक कारण शोधायला लागतात.)
रेडिओवर हवामान चाललं होतं.
बोटांना मुंग्या आल्या, छातीत घण पडायला लागले,
आणि मला पक्कं कळलं की मी आत्ता, इथे, मरणार
आणि थोरवाल्दुरची खालची कवळी
त्याच्यापर्यंत पोचायची राहणार.

इस्पितळात पट्टी काढली. हृदय घोड्यासारखं, म्हणाले.
तिसऱ्या खेपेला डॉक्टरने ती पट्टी माझ्याच हाती दिली:
फ्रिजवर लावा.
लावली. दूध काढताना रोज बघायचे,
एका निरोगी बाईचे डोंगर.

वळसा वाढत जातो, ते आधी कळत नाही.
आधी बोगदा सुटला. मग दुकानातली रांग.
मग पोहण्याचा तलाव,
मग केस कापायची खुर्ची, कारण त्या कापडाखाली हात अडकतात.
आईच्या सत्तरीला सगळे आत गात होते
आणि मी अंगणात, गाडीत,
इंजिन चालू ठेवून केक खाल्ला.

स्टेइनवोर
'खोल श्वास घ्या' असं एकदाही म्हणाली नाही.
तिने मला फिरत्या खुर्चीत बसवून गरगरवलं,
नाक दाबून स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला,
चार मजले पळत चढायला लावले
आणि वर घड्याळ धरून उभी:
काय होतंय?
मरतेय.
लिहा. दोन दहा: मरतेय.
आणि आता, दोन अठराला?
...भूक लागलीय थोडी.

त्या वहीत मी एकशे चौदा वेळा मेले आहे.
शेवटच्या पानांवर अक्षर सुधारलंय.

मार्चमध्ये बोगद्यात शिरले. एकटी.
खोल जागी तो आला, वेळ ठरवून दिल्यासारखा.
मी काच खाली केली नाही, रेडिओला हात लावला नाही.
म्हटलं, आलास? बस.
खोकं मांडीवर घे, आणि कवळ्या सांडू नकोस.
बसला. घण घातले. मी गिअर बदलला.
चढ लागला.

पलीकडे लख्ख उजेड वगैरे काही नव्हता.
गारा पडत होत्या
आणि पुढे मासळीचा एक ट्रक, गोगलगाय झालेला.
त्याच्यामागे मी, वायपर सपासप चालू,
रडत होते आणि त्याला शिव्या देत होते,
दोन्ही मनापासून.

बरी झाले असं म्हणत नाही.
ऑक्टोबरात केस कापताना तो पुन्हा आला.
अर्धे कापून झाले होते.
उरलेले अर्धे कापून घेतले.

परवा आभाळ निवळलं होतं, हातात वेळ होता,
तर काठाचा रस्ता धरला.
पाणी पाटीसारखं. बर्फ फक्त माथ्यांवर.
तीन वर्षांत मी या खाडीकडे
एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं.
एयोल्फुर कुंपणाची तार ओढत होता.
तीन वर्षं त्याने रोज हात केला होता मला,
मी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचे, तेवढंच.
आज थांबले. त्याने थर्मासमधली कॉफी
झाकणात ओतून दिली, त्यात लोकरीचा एक धागा.

गाडीकडे बघत म्हणाला,
काय गं, बोगदा बंद आहे का आज?

नाही, म्हटलं.
उघडा आहे.