सामाईक मोरी

आठ मायक्रॉन.
एवढंच घर दिलंय मला, आठ बाय आठ,
त्यात बसवायचेत सात ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर,
वर नगरपालिकेच्या नियमासारखी
प्रत्येक तारेच्या कडेनं सोडायची रिकामी जागा.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, थाऊत सांग.
चाळीस वर्षं उद्यमबागेत लेथपुढं उभा राहिलेला माणूस;
बोटाच्या पेराला त्याच्या एक थाऊ कळतो.
म्हटलं, तुमच्या एका थाऊत माझी तीन घरं,
आणि उरते ती बोळ,
मांजरानं तिरकं होऊन जावं एवढी.
त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला,
जणू लोखंडाचा कीस अजून तिथंच आहे.
"मग दार कुठं ठेवालीस?"

दार नाही, उंबरठा.
प्रत्येक ट्रान्झिस्टरचा वेगळा.
एकाच चकतीवरचे, एकाच भट्टीतून निघालेले,
तरी एक पटकन आत घेतो, दुसरा अडवून धरतो.
तसंच सोडलं तर पांढरा पडदा
पोपडे धरलेल्या भिंतीसारखा दिसतो.
म्हणून उजेडाआधी दर खेपेला
सर्किटनं आपला उंबरठा आपण मोजायचा,
कपॅसिटरमध्ये भरून ठेवायचा,
मग पेटायचं.
सेकंदाला एकशे वीस वेळा.

कपॅसिटर म्हणजे हंडा.
लहान घेतला तर पुढची पाळी यायच्या आत गळतो,
मोठा घेतला तर बाकीच्यांनी पाय कुठं पसरायचे?
अनगोळात वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही.

तीन आठवडे मी नुसत्या तारा हलवत होते.
रात्री फोनवर बंगळुरूहून ईरण्णा;
तो कन्नडमधून वैतागायचा, मी मराठीतून,
आकडे तेवढे इंग्रजीत.
रेघ डावीकडं सरकवली की नियम मोडतो,
उजवीकडं सरकवली की शेजाऱ्याच्या घरात शिरते.
अतिक्रमण, तो म्हणाला, आणि आम्ही हसलो,
आमच्याकडची माणसं या शब्दावर हसतात तसं,
आधी आजूबाजूला बघून.

मग एका पहाटे, साडेतीनला,
भिंतीपलीकडून गौरव्वाची हाक:
"नीर बंदाव, नोडरी!"
आई कळशी घेऊन मोरीत धावली.
पलीकडं गौरव्वाची कळशी वाजली,
नेमकी त्याच जागी, भिंतीच्या उलट्या अंगाला.
मी झोपेतून नव्हे, लॅपटॉपवरून उठून आले होते
आणि दारात तशीच उभी राहिले.
मोरीला मोरी, पाठीला पाठ.
मधे एक भिंत, भिंतीत एकच पाइप,
त्याला दोन तोट्या.
तिचा देव्हारा उजवीकडं, आमचा डावीकडं.
माझ्या जन्माआधी कुणा गवंड्यानं
एका पाइपाचे पैसे वाचवले होते.

उजाडेपर्यंत मी एक पिक्सेल उलटा केला,
शेजारच्याच्या पाठीला पाठ लावली.
दोघांना वीज एकाच रेघेनं,
खाली उतरायचं छिद्र दोघांत एक.
सुटली ती जागा दोन्ही हंड्यांना वाटून दिली.
दीड मायक्रॉन.
बाबा म्हणाले, म्हणजे कायच नव्हे की.
होय, म्हटलं, कायच नव्हे.

ईरण्णानं फाइल उघडली, बराच वेळ गप्प.
मग विचारलं, यातला सरळ कुठला, उलटा कुठला?
नावं द्यावी लागतील.
मी म्हटलं, ए आणि बी दे.
तो म्हणाला, त्यावरनंही भांडतील.

नमुन्याची चकती यायला चार महिने आहेत.
तोवर एक गोष्ट लाल अक्षरांत लिहून ठेवलीय:
एक घर लख्ख पेटलं की सामाईक रेघेवरचा दाब उतरतो,
दुसरं मंद होतं.
गौरव्वानं तोटी पूर्ण सोडली की
आमची धारही सुतासारखी होते.
आई तेव्हा भिंतीवर दोनदा थाप मारते.
पलीकडं तोटी थोडी आवळल्याचा आवाज येतो.

ही थाप सर्किटमध्ये कशी घालायची
ते मला अजून सुचलेलं नाही.