बारा फूट

कन्नमवार नगरात आठ इमारती पाडून
दोन मनोरे उभे करायचे होते.
माझ्या वाट्याला मधलं अंगण,
नकाशावर तळहाताएवढं,
त्यातही अर्धं अग्निशमनाची गाडी वळायला.

पाडकामाआधी पंधरा दिवस मी नुसती वही घेऊन बसले.
कोण कुठे थांबतं, किती वेळ.
दमयंती मयेकर, सकाळी सात, हातात दुधाची पिशवी,
पंपाच्या खोलीपाशी अकरा मिनिटं.
गंगावणे मास्तर बदामाखाली, कुणी नसलं तरी.
दुसऱ्या मजल्यावरचे इक्बाल दळवी आणि खालचे सोनटक्के
गळतीवरून सात वर्षं बोलत नाहीत;
पण कढीपत्त्यापाशी दोघंही येतात,
एकाचं तोडून होईपर्यंत
दुसरा आभाळ बघतो.

त्यावरून मी वाट आखली.
फाटकापासून लिफ्टपर्यंत सरळ बत्तीस पावलं,
ती मुद्दाम वाकवली,
कढीपत्त्याला वळसा घालून एकोणपन्नास.
सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, वाटेला हा मुरडा कसला?
बिल्डरचा माणूस म्हणाला,
तेवढ्यात दोन गाड्या बसतात.

भांडून मिळालं ते एवढं:
ते वळण, एक नळ,
बारा झाडं, त्यांतली लावली नऊ,
आणि कडप्प्याचे दोन बाक, समोरासमोर.
मला वाटायचं, समोर बसलं की
माणसं बोलतात.

ताबा दिल्यावर दोन वर्षांनी गेले.
एका बाकावर गोधडी वाळत होती,
दुसऱ्यावर मांजर.
हिरवळीवर पाटी, चालू नये.
आणि पाटीला लागूनच, गवत तुडवत,
बत्तीस पावलांची पायवाट.

हसण्याचा आवाज आला मीटरच्या खोलीमागून.
तिथे मी काहीच काढलं नव्हतं,
फक्त भराव थोपवायला भिंत,
गुडघ्याएवढी, बारा फूट लांब.
तिच्यावर सगळे ओळीने, एकाच दिशेला तोंड करून.
मयेकर बाई मटार सोलत होत्या,
मास्तर त्यातलेच खात होते,
दळवींच्या नातवाला सोनटक्के दटावत होते,
आधी नळावर पाय धू.
गळती बहुतेक डबरासोबत डंपरमधून गेली.
मी विचारलं नाही.

"बसा की," म्हणत मयेकर बाई सरकल्या.
एक जण सरकलं की
शेवटच्यापर्यंत सगळ्यांना सरकावं लागतं.
समोर कंपाउंडची भिंत, पलीकडे हायवे.
कुणी कुणाकडे बघत नव्हतं,
आणि बोलणं काही थांबत नव्हतं.
माझ्या ओंजळीत कुणीतरी मटार ओतले,
हात रिकामे दिसले म्हणून.

रात्री चेंबूरच्या कामाचा नकाशा उघडला.
दोन्ही बाक खोडले.
एक भिंत काढली, पंधरा फूट.
थोडा वेळ बघत राहिले.
मग पुसून
बारा केली.