गिअर पडेपर्यंत

सतरा वर्षांची गाडी.
दांडी डी वर ओढली की आधी काहीच होत नाही.
इंजिन चालू असतं, काटा हजारावर थरथरतो,
एक, दोन,
कधी तीन,
मग पोटातून कुठूनतरी धक्का येतो
आणि मी चेंबूर नाक्याच्या सिग्नलवरून निघते.
मागच्या टेम्पोचा हॉर्न तोवर अर्धा वाजून झालेला असतो.

रिव्हर्स तर मार्चपासूनच गेली.
यावर कुणी तत्त्वज्ञान सांगू नये.
मागे जाता येत नाही म्हणजे इतकंच,
की समोरून घुसून समोरूनच निघता येईल अशी जागा शोधत
मी डायमंड गार्डनला दोन फेऱ्या जास्त मारते.
सोसायटीत मुन्नीलाल बॉनेटला दोन्ही तळवे लावून
मला माझ्या खांबापर्यंत मागे ढकलतो
आणि दर वेळी म्हणतो, "हँडल सीधा रखिए, मॅडम",
जणू दोष हँडलचा.

कालिन्याला, चर्चच्या मागे, बदामाच्या झाडाखाली
ऑस्टिन मिस्किटाचं गॅरेज.
त्याने डिपस्टिक काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली,
फडकं माझ्या नाकाखाली धरलं.
"वास घे, बाय."
करपलेली पोळी. तीही कालची.
नवं असतं तेव्हा कोकम सरबतासारखं दिसतं हे तेल.
फडक्यावर होता तो चहाचा चोथा.

"मग बदलून टाक."
तो हसला नाही.
म्हणाला, नवं तेल घातलं तर गाडी या दारातून बाहेर पडणार नाही.
आतल्या प्लेटी झिजल्यात, गुळगुळीत.
त्यांची पूड झाली ती या तेलातच आहे.
आता तीच काय ती पकडते.
घाण काढली तर धरायला काही उरायचं नाही.

एकतीस वर्षं मी सहकारी बँकेच्या वसुली खात्यात काढली.
झिजलेल्या गोष्टी कशाच्या जोरावर चालतात
हे मला नव्याने कळायला नको होतं.
तरी त्याच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

नवा गिअरबॉक्स एक लाख चाळीस.
गाडीचे साठ आले तर नशीब.
भंगारवाला बावीसवर अडलाय.
भाचा फोन पुढे करतो: ही बघ, चार मिनिटांत दारात.
येते खरी.
पण तिच्यात मागे बसायचं असतं.

माझ्या डाव्या पायाला कॅलिपर आहे, तिसऱ्या वर्षापासून.
क्लच ही वस्तू माझ्यासाठी नव्हतीच.
बेचाळिसाव्या वर्षी ही घेतली, तेव्हा दादा म्हणाला,
दोन पेडलची गाडी म्हणजे खेळणं.
पहिल्या रविवारी एकटी वरळीला गेले,
कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता.
उतरले नाही. नुसती काच खाली केली.
डावा पाय बाजूला ठेवलेला,
एखाद्या पाहुण्यासारखा,
ज्याला आज काही काम सांगायचं नाही.

काल रात्री जोडरस्त्याच्या पुलावर, ऐन चढावर,
काटा चार हजारावर आणि गाडी जागच्या जागी.
मागे रांग.
मी चारही दिवे लावले, एसी बंद केला,
रेडिओसुद्धा बंद केला, का ते विचारू नका.
हँडब्रेक ओढून दांडी एल वर आणली.
एक. दोन. तीन. चार.
एका बाइकवाल्याने काचेवर टकटक केली:
"बंद पडली का, काकू?"
"नाही," मी म्हटलं, "गिअर पडतोय."
पाच.
खाली कॅलिपर कुरकुरला.
वाकून पाहिलं तर डावा पाय,
नसलेल्या पेडलवर,
होता नव्हता तो जोर लावत होता.