आक्षेप क्रमांक सात

तुर्भ्याला, भाजी मार्केटच्या मागच्या गेटाशी
एक काचेची खोली उभी आहे.
बाहेरून काच निळी. आतून म्हणे सगळं दिसतं.
म्हणे, कारण आत कुणी गेलेलं नाही.
फीत कापली त्या दिवशी गेले होते नऊ जण,
हात धुऊन, फोटो काढून बाहेर आले.

अडुसष्ट लाख.
पाटीवरचा आकडा वाचला आणि
बोटं आपोआप खिशाकडे गेली, लाल पेनाकडे.
अठ्ठावीस वर्षं महापालिकेच्या लेखा विभागात
मी दुसऱ्यांच्या खर्चाखाली रेघा ओढल्या.

हात बघून सुरू होणारा नळ,
भिंतीत अत्तराची पेटी,
छतावर सौर पाट्या, त्यांच्यावर आता पारवे.
दाराजवळ नाणं टाकायची फट,
फटीत कुणीतरी खोचलेली गुटख्याची पुडी.
आणि या सगळ्याला बाहेरून
ऐंशी रुपयांचं कुलूप.

उधळपट्टी, मी मोठ्याने म्हणालो.
शेजारी उभ्याने वडापाव खाणाऱ्या माथाडीने मान डोलावली.
एवढंच असतं तर मी घरी गेलो असतो.

पण पंधरा वर्षांपूर्वी याच गेटासाठी
एक फाइल माझ्या टेबलावर आली होती.
चार सीट, पत्र्याचं छत, सिमेंटची टाकी,
साफसफाईला एक बाई.
चार लाख दहा हजार.
तांडेल नावाचा कनिष्ठ अभियंता
कानामागचा घाम पुसत उभा.
मी लिहिलं, आक्षेप क्रमांक सात:
वापरकर्त्यांची संख्या नमूद नाही,
सबब खर्चाचे औचित्य सिद्ध होत नाही.
माझं अक्षर सुंदर होतं. अजून आहे.
तांडेल म्हणाला, साहेब, एकदा चला तर, मोजून दाखवतो.
मी चहा मागवला. एकच.

आता वय सहासष्ट, आणि डॉक्टरांनी
पोटाखालच्या एका ग्रंथीचं नाव मला शिकवलंय.
दर पाऊण तासाने मी शहराचा नकाशा वेगळा वाचतो:
कुठे झाड, कुठे भिंत, कुठे ओळखीचं हॉटेल.
त्या सकाळी गुजरातच्या नंबराच्या ट्रकमागे उभा राहिलो.
खर्च शून्य. पावती नाही.
कुणीही आक्षेप घेतला नाही.

मग कठड्यावर बसलो, वही काढली
आणि तांडेलचं राहिलेलं काम सुरू केलं.
दहा ते एक.
त्रेचाळीस जणी दारापर्यंत आल्या,
कुलूप दिसलंच नाही असं दाखवून वळल्या.
सहा जणी जोडीजोडीने, हातात रिकामी पोती, नाल्याकडे.
एक शाळेच्या गणवेशातली.
तिची नोंद दोनदा आहे, कारण ती दोनदा आली.

"काय मोजताय ओ?"
कोथिंबीर निवडणारी कौसाबाई, मूळची जालन्याकडची.
सांगितलं.
"आलेल्या कशाला मोजता? न आलेल्या मोजा.
म्या पहाटं तीनला आलेली, घोटभर पाणी नाई पिलं.
हितल्या समद्या बाया अशाच.
ते लिव्हायला रकाना हाय का तुमच्या वहीत?"

नव्हता.

विचारलं, तुम्हाला कसलं बरं पडेल मग,
हे काचेचं की साधं पत्र्याचं?
जुडीला सुतळीचा वेढा देत ती हसली.
"आतून कडी पायजे.
बाकी तुमचं तुमी बघा."

उठलो. हातांची झापड करून
निळ्या काचेला कपाळ टेकवलं.
माझंच तोंड दिसलं, मागे तो ट्रक.
आतून कडी आहे की नाही
अंदाजपत्रकात बघावं लागेल.

निघताना माझी बाटली तिला दिली, अर्धी भरलेली.
घ्या, म्हटलं, ऊन फार आहे.
तिने घेतली, बूच उघडलं,
ओंजळीत थोडं थोडं ओतत
सगळं पाणी
कोथिंबिरीवर शिंपडलं.