विरजण

साडेसातलाही रात्रच असते अ‍ॅबर्डीनला जानेवारीत.
ग्रॅनाइटच्या भिंती ओल्या,
बंदराकडचा वारा कोटाच्या एकेका बटणाची चौकशी करणारा.
मी बिल्ला अडकवते, हात धुते,
आणि काचेत बसवलेल्या लांब रबरी हातमोज्यांतून
अठ्ठेचाळीस उंदरांच्या जगात कोपरापर्यंत शिरते.

जन्मापासून एकही जंतू न शिवलेले.
एवढं सोवळं आमच्या सात पिढ्यांत कुणी पाळलं नाही :
हवा गाळलेली, पाणी वाफेतून काढलेलं,
भुसासुद्धा भट्टीतून आलेला.
पोटात अन्न होतं त्यांच्या.
वस्ती नव्हती.

नोव्हेंबरात दोन नळ्या आल्या.
कुठल्याशा जुळ्या बहिणींच्या, मला फक्त क्रमांक ठाऊक.
सतरा सडपातळ. अठरा माझ्यासारखी.
नळ्यांत काय होतं ते मराठीत सांगायला
मला अजून ओशाळायला होतं.
इशबेल सांगते बिनदिक्कत, सँडविच खाता खाता.
मी तिला म्हटलं, आम्ही याला विरजण म्हणतो.
चमचाभर घ्यायचं, कोमट दुधात सोडायचं,
झाकायचं आणि हलवायचं नाही.

सतराचं विरजण डावीकडच्या पिंजऱ्यांना.
अठराचं उजवीकडच्या.

पाचव्या आठवड्यात उजवीकडचे
तळहातावर जड लागू लागले,
ओल्या कणकेच्या गोळ्यासारखे.
साखरही चढलेली.
दाणे मीच मोजते रोज, ग्रॅमच्या दशांशापर्यंत.
दोन्हीकडे सारखेच होते.
पुन्हा मोजले. सारखेच.

क्लिनिकमधली मिसेस गॅलोवे विचारते, अजून काय खाता? आठवून सांगा.
हेरंब पोळ्या मोजतो, मोजत नाही असं दाखवत.
सासूबाई फोनच्या पडद्यातून म्हणतात,
तोंडाला कुलूप लाव गं जरा.
अकरा वर्षं मी आरोपीसारखी ताटावर बसते.
त्या दिवशी नोंदवहीत
आकड्यांखाली मी एक रेघ जास्त ओढली.
कुणी विचारलं नाही कशासाठी.

डॉक्टर पेटिग्रू म्हणाले, जपून. उंदीर म्हणजे माणूस नव्हे.
खरंच आहे.
उंदराला रात्रपाळी नसते.
उंदराची बहीण सांगलीला जात नाही
विमानाचं तिकीट मिळायच्या आत,
आणि मग त्याला गॅसपाशी उभं राहून
शंकरपाळ्यांचा अख्खा डबा संपवावा लागत नाही.
(हे डॉक्टर नाही म्हणाले.)

शिवाय चारा बदलला की विरजणही फिरतं.
कोंडा, साली, शेंगा घातल्या तर एक वस्ती वाढते,
चरबी घातली तर दुसरीच दारं ठोठावते.
म्हणजे सुटका झाली नाही माझी.
जामीन मिळाला, म्हणू या.

शुक्रवारी उंदीर संपवतात.
तो विषय इशबेलही सँडविचसोबत काढत नाही.

घरी आले की बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे,
स्टीलचं पातेलं असतं गुंडाळलेलं.
या थंडीत दही दुसरीकडे कुठे लागतच नाही.
तेच विरजण, दोन हजार चौदापासून,
आधी पीटरहेडच्या एका तेलुगू बाईकडचं,
त्याआधी कुणाचं ते तिलाही माहीत नव्हतं.
इशबेलला हवंय थोडं. मी मार्जरीनच्या डब्यात काढून ठेवलंय.

बोट टोचते. नऊ पूर्णांक चार.
काल आठ होती, आणि काल मी भात खाल्ला होता.

आई सांगायची, सगळंच बोलू नये, काही पोटात ठेवावं.
ठेवलंय की.
पण तिथे कोट्यवधी बसलेत कान देऊन,
आणि त्यांना गप्प बसता येत नाही.