फेकदोर

डिसेंबरात हिंगण्याच्या शाळेत बोलावतात मला.
शाल, नारळ, आणि सुरुवातीला हमखास किंचाळणारा माइक.
मी सांगतो एकाहत्तरचं: दिवे विझवलेली बोट,
बिडीसुद्धा पेटवायची नाही,
आणि काळोखात साखरेऐवजी मीठ घालून
सगळ्या वॉचला चहा पाजणारा आमचा खानसामा सालढाणा.
पोरं हसतात. तिथवर ठीक असतं.

आज चौथीतल्या एकीनं हात वर केला.
पाण्यात पडलेल्या माणसाला काय करायचे तुम्ही?
दोर टाकायचो, म्हटलं.
बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या.

कालव्याच्या कडेनं चालत घरी आलो.
आवर्तन सुटलंय, पाणी काठोकाठ, एक चप्पल वाहत चाललेली.
गॅलरीत सून खोळंबलेली, कपड्यांचा दोर तुटला म्हणून.
बाबा, तुम्हीच बांधा, आमच्या गाठी सुटतात.
बांधला.
माझी सुटत नाही.

तो तेलात होता.
आपला की त्यांचा, तेलानं कळू दिलं नाही;
नुसते डोळे आणि दात.
तोंड उघडत होतं, मिटत होतं,
इंजिनाच्या घरघरीत शब्द पोचला नाही.
तेव्हापासून एकेक शब्द त्याच्या तोंडात घालून बघतो.
एकही बसत नाही.

थांबायचं नाही, असा हुकूम होता. खाली पाणबुडी.
बरोबरच होता हुकूम. दीडशे माणसं होती बोटीवर,
त्यांत मी.
पण दोर टाकू नकोस, असं कुणीच म्हणालं नव्हतं.
अंतर दहा वाव.
सरावात मी बारा टाकायचो.

टाकला असता तर त्याच्या हातांतून निसटलाही असता,
बोट पळत होती, तळवे सोलले असते त्याचे.
हे सगळं मी नंतर जुळवलं.
तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं.

तो मागे पडला, फेसात गेला.
आणि मी (हे सुमतीलाही सांगितलं नाही कधी, गेली ती)
दोर गुंडाळला.
शिकवला होता तसा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं,
सारखे वेढे, टोकाची जड गाठ वर.
बोसन तांडेल फेरीवर आला, बघून म्हणाला,
शाब्बास पाटकर, असा ठेवावा दोर.

गॅलरीत चारेक हात दोर उरला.
टाका बाबा तो, सून म्हणाली.
मी उभाच.
बाबा? टाका ना.
हातात आपोआप वेढे पडत होते.