बाविसाव्या मिनिटाला

हरिपूरच्या पेवातली हळद
माझ्या टेबलावर येते तेव्हा हळद नसते,
नमुना असतो. आजचा क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
शंभर ग्रॅम पूड, लिटरभर पाणी,
गोल बुडाचा चंबू, वर काचेची मान,
मानेभोवती गार पाण्याचा वेढा.
मग चार तास बसायचं.
वाफ चढते, थिजते, उतरते,
तेल मात्र कंजूष, थेंबाला थेंब मोजून देतं,
पाण्यावर नारिंगी चकती धरून थांबतं.
बाहेर यार्डात सौद्याची आरोळी उठते
आणि खिडकीच्या काचेला पिवळी धूळ बसते.
ती पुसायचं आम्ही केव्हाच सोडून दिलंय.

माझे वडील, येसबा खोत,
एकतीस वर्षं पेवात उतरले.
तोंडावरची माती सकाळी काढायची,
आत जायचं ते ऊन कलल्यावर.
त्याआधी दोरीला बांधून कंदील सोडायचा.
कंदील जगला तर माणूस उतरायचा.
'हळद आत गप नसती गं,' ते सांगायचे,
'सगळी हवा पिऊन बसलेली असती.'
कॉलेजातून शिकून आल्यावर मी समजावलं :
श्वसन, कार्बन डायऑक्साइड,
हवेपेक्षा जड, म्हणून तळाला साठतो.
ते म्हणाले, 'मग मी काय सांगत होतो?'

तीन वर्षांमागच्या तापात त्यांचा वास गेला.
नाक आहे. सरळ, खोतांचं.
पण चहा म्हणजे गरम पाणी,
आणि शेगडीवर दूध करपत असतं
तेव्हा शेजारीच ते पेपर वाचत असतात.
गड्डा मोडून नुसत्या वासावर
गाव सांगणारा माणूस.

परवा मी आलेखाचा कागद घरी आणला, चार घड्या घालून.
त्यांनी तो मांडीवर पसरला.
'हे डोंगर कशाचं?'
मी बोट ठेवत गेले.
आठव्या मिनिटाला सिनिओल. निलगिरीत पुष्कळ, इथं चिमूटभर.
'पाला चोळल्यावर कपाळात जातो, तो.'
सोळाव्याला झिंजिबेरीन, आल्याच्या घरचं.
'ओल्या गड्ड्याचा. शिजवायच्या आधीचा.'
बाविसाव्या मिनिटाला टर्मेरोन,
तीन शिखरं, पहिली दोन खांद्याला खांदा लावून.
यावर ते काहीच बोलले नाहीत.
नखातला पिवळा अजून गेलेला नाही,
ते नख त्या चढावरून हळू वर नेलं,
माथ्यावर थांबले, आणि पलीकडे उतरले.

'ह्यातलं हे पहिलं,' मी सांगितलं,
'जुन्या हळदीत वाढतं.
शेजारच्याचे दोन हायड्रोजन गळतात,
वलय घट्ट होतं, आणि तो ह्याच्यात येऊन मिळतो.'
'म्हणजे म्हातारा होतो.'
'हो.'
'आणि वास?'
'हा टिकतो.'
'बरं,' म्हणाले. मग बराच वेळ पंख्याचा आवाज.

तेवढ्यात त्यांना कडेची टेकडी दिसली,
मुंगीएवढी, बिननावाची.
यंत्राच्या यादीत हजारो संयुगं आहेत,
एकाशीही तिचं जुळलं नव्हतं.
'ही कोण?'
'माहीत नाही.'
'कंदील असंल,' ते म्हणाले.
रॉकेल सांडलं असेल कधी. किंवा नसेल.
पेवात बॅटरी सोडतात हल्ली, मी म्हणाले नाही.
अहवालात लिहिलं : अज्ञात, शून्य पूर्णांक तीन टक्के.

रात्री उरलेली पूड त्यांनी मागून घेतली,
तळहातावर चोळली, नाकाशी नेली सवयीनं,
आणि मोरीत जाऊन साबण लावला.
साबणात हळद लाल होते.
का होते ते मला माहीत आहे,
परीक्षेत मी ते समीकरणासकट लिहिलंय.
'ये इकडं,' त्यांनी हाक मारली.
दिव्याखाली तळहात धरला होता,
लालभडक, फेसाळ,
आणि नळ तसाच वाहत होता.
'बघ,' म्हणाले, 'चांगली आहे. कुठल्या पेवातली?'